बर्फातले गिरमिट : भाव पडला, उपयोग उरला

- आमच्या प्रतिनिधीकडून

अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत गोठलेल्या तळ्यांवर मासेमारी करणाऱ्यांचे पेट्रोलवर चालणारे जुने यंत्र आज मातीमोल किमतीला विकले जात आहे. बॅटरीवरच्या हलक्या यंत्रांनी त्याची जागा घेतली, हे खरे. पण भाव पडला म्हणजे उपयोगही संपला, असे समजायचे का? या जुन्या यंत्राच्या हिशेबाचा हा मागोवा.

मिनेसोटा राज्यातील मिल लॅक्स हे पाचशे चौरस किलोमीटरहून मोठे तळे. जानेवारीत ते काठापासून काठापर्यंत गोठते आणि त्यावर लाकडी व पत्र्याच्या झोपड्यांची वसाहत उभी राहते. माणसे मोटारी घेऊन बर्फावर जातात, झोपडीत शेगडी पेटवतात आणि जमिनीतल्या भोकातून गळ खाली सोडून तासन् तास बसतात. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, उत्तर व दक्षिण डाकोटा ही राज्ये आणि सीमेपलीकडचे कॅनडाचे मॅनिटोबा व ऑन्टारिओ हे प्रांत, असा या छंदाचा पट्टा आहे. वॉलआय, नॉर्दर्न पाईक, पर्च, क्रॅपी हे तिथले आवडते मासे.

या साऱ्या खटाटोपाची सुरुवात एका भोकापासून होते. ते पाडण्याच्या यंत्राला तिकडे 'ऑगर' म्हणतात. आपल्या सुताराच्या पेटीतले गिरमिट डोळ्यांसमोर आणावे आणि ते माणसाच्या छातीएवढे उंच आहे, अशी कल्पना करावी. खाली मळसूत्री दांडा, त्याच्या टोकाला दोन धारदार पाती, वर दोन हातांनी धरायच्या मुठी आणि मुठींच्या मधोमध लहानसे इंजिन. अमेरिकेत पेट्रोलला 'गॅस' म्हणत असल्याने या यंत्राला तिथे 'गॅस ऑगर' असे नाव पडले. आपल्याकडच्या सिलिंडरच्या गॅसशी त्याचा संबंध नाही. (सिलिंडरमधल्या प्रोपेनवर चालणारी ऑगरही पुढे बाजारात आली, पण तो वेगळा प्रकार.)

असे जुने यंत्र अमेरिकेतल्या हजारो गॅरेजमध्ये भिंतीला टांगलेले असते. वडील गेले, घर विकायला काढले, सामान आवरताना मुलांच्या हाती ते लागते. कधी घराबरोबर ते नव्या मालकाकडे येते. मिनिआपोलिसच्या उपनगरांत जुनी घरे घेणाऱ्या भारतीय कुटुंबांपुढेही हा प्रश्न येऊ शकतो. हे विकायचे, ठेवायचे की भंगारात द्यायचे?

अठरा किलो बर्फ

यंत्राची किंमत समजून घेण्याआधी त्याचे काम समजून घ्यायला हवे. उत्तर मिनेसोटात हिवाळा उतरणीला लागेपर्यंत दोन फूट जाडीचा बर्फ ही सामान्य गोष्ट असते. त्यात आठ इंच व्यासाचे एक भोक पाडायचे, तर सुमारे अठरा किलो बर्फ किसून बाहेर काढावा लागतो. भोक दहा इंची असेल तर हाच आकडा अठ्ठावीस किलोंवर जातो आणि सहा इंची असेल तर दहा किलोंवर येतो. व्यास दोन-दोन इंचांनी वाढला तरी काम दीडपट ते पावणेदोनपट होते, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. शाळेत शिकलेले हे सूत्र बर्फावर खांद्यांना जाणवते.

पूर्वी हे काम लोखंडी पहारीने होई. नंतर हाताने फिरवायची गिरमिटे आली. त्यातली स्वीडनमधल्या मोरा गावाच्या नावाची गिरमिटे आजही प्रसिद्ध आहेत. हिवाळ्याच्या सुरुवातीला, पाच-सहा इंच बर्फ असताना हाताचे गिरमिट पुरते. दोन फूट बर्फात दिवसाला वीस भोके पाडायची तर इंजिन हवे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेट्रोल ऑगर घरोघरी पोहोचले ते यामुळे. विस्कॉन्सिनमधल्या शेबॉयगन फॉल्सची 'जिफी', त्याच राज्यातल्या कम्बरलंड येथील आर्डिसॅम कंपनीची 'एस्किमो' आणि 'स्ट्राइकमास्टर' ही नावे तिथल्या तीन पिढ्यांच्या तोंडी आहेत.

यातली बहुतेक जुनी यंत्रे टू-स्ट्रोक इंजिनाची. हे इंजिन मराठी वाचकाला परके नाही. पेट्रोलपंपावर ऑइल मिसळून घ्यायचे, सकाळी चोक ओढायचा, स्कूटर एका अंगाला कलती करायची आणि मग किक मारायची, हा विधी ज्यांनी वर्षानुवर्षे केला, त्यांना ऑगरचा स्वभाव वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच, की इथे किकऐवजी दोरी ओढायची असते आणि भोवतालचे तापमान शून्याखाली वीस-पंचवीस अंश असते.

भाव का पडला?

पहिले कारण कायद्याचे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९७ पासून टप्प्याटप्प्याने लहान पेट्रोल इंजिनांच्या धुरावर मर्यादा घातल्या. साध्या टू-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण आत येत असतानाच त्यातला काही भाग न जळता धुराबरोबर बाहेर निसटतो. त्यामुळे या मर्यादा पाळणे अशा इंजिनांना जड गेले आणि उत्पादक फोर-स्ट्रोककडे वळू लागले. जिफीच्या अनेक जुन्या यंत्रांवर टेकम्से कंपनीचे इंजिन असे. त्या इंजिनांचे उत्पादन २००८ च्या अखेरीस थांबले. कॅलिफोर्नियाने तर २०२४ पासून बहुतेक नव्या लहान पेट्रोल इंजिनांच्या विक्रीवरच बंदी आणली. हे सर्व नियम नव्या इंजिनांसाठी आहेत. जुने यंत्र बाळगणे, वापरणे वा विकणे यावर त्यांनी बंदी घातलेली नाही, हे लक्षात घ्यायला हवे.

दुसरे आणि खरे कारण बॅटरीचे. २०१० च्या दशकात लिथियम-आयन बॅटरीवरची ऑगर बाजारात आली. पाठोपाठ लोकांच्या लक्षात आले, की घरातले चांगल्या ताकदीचे बॅटरीवरचे ड्रिल मशीन हलक्या ऑगर-दांड्याला जोडले, तरी काम भागते. पेट्रोल ऑगरचे वजन साधारण बारा ते सोळा किलो. ड्रिलवरचे ऑगर त्याच्या निम्म्याहून कमी. दोरी ओढणे नाही, धूर नाही, कपड्यांना पेट्रोलचा वास नाही, शेजारच्या झोपडीतल्या माणसाची झोपमोड नाही. बटण दाबले की भोक तयार. तंबूत बसून मासेमारी करणाऱ्याला तर ही देणगीच ठरली. बंद तंबूत पेट्रोल इंजिन चालवणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडच्या विषारी वायूला आमंत्रण देणे होय.

तिसरे कारण हवामानाचे. विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसन येथील मेंडोटा तळे कधी गोठले आणि कधी वितळले, याच्या नोंदी १८५० च्या दशकापासून ठेवल्या गेल्या आहेत. तेव्हाच्या तुलनेत बर्फाचा काळ आता सुमारे एका महिन्याने आखूड झाला आहे. २०२३-२४ चा हिवाळा तर इतका उबदार गेला, की या पट्ट्यातल्या बर्फावरच्या अनेक स्पर्धा रद्द कराव्या लागल्या. बर्फ कमी दिवस टिकणार आणि पातळ राहणार असेल, तर अवजड यंत्राची निकड घटते, हे ओघाने आलेच.

किंमत कशी ठरते?

जुन्या पेट्रोल ऑगरला कोणताही छापील दर नाही. तरीही वापरलेल्या वस्तूंच्या जाहिरातींत भावाचे तीन थर सर्वसाधारणपणे दिसतात. सुरू न होणारे यंत्र वीस ते पन्नास डॉलरला, सुरू होणारे जुने टू-स्ट्रोक पंचाहत्तर ते दीडशे डॉलरला आणि स्वच्छ ठेवलेले, अलीकडच्या काळातले यंत्र त्याहून थोडे वर. नवे पेट्रोल ऑगर घ्यायला गेल्यास चारशे डॉलर किंवा अधिक मोजावे लागतात आणि बॅटरीवरचे चांगले यंत्र त्याच्याही पुढे जाते. हे आकडे ढोबळ आहेत. गाव, महिना आणि विकणाऱ्याची घाई यांवर ते हलतात.

महिना हा यातला मोठा घटक आहे. तळी गोठण्याच्या सुमारास, नोव्हेंबर-डिसेंबरात गिऱ्हाईक यंत्र शोधत फिरत असते. मार्चमध्ये बर्फावरच्या झोपड्या ठरलेल्या तारखेपर्यंत हलवाव्या लागतात आणि मग गॅरेज रिकामे करण्याची घाई सुरू होते. साहजिकच विकणाऱ्याने पहिल्या थंडीपर्यंत थांबावे आणि घेणाऱ्याने वसंताची वाट पाहावी. छत्रीचा व्यवहार आपण मे महिन्यात करतो की जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, यावर जे अवलंबून असते, तेच इथेही.

दुसरा घटक सुट्या भागांचा. ज्या यंत्राची पाती, कार्ब्युरेटर आणि दोरीचा स्टार्टर आजही विकत मिळतो, त्याला किंमत आहे. टेकम्सेचे इंजिन बनणे थांबले, तरी त्याचे सुटे भाग नंतरही मिळत राहिले. कारण ही इंजिने मोठ्या संख्येने वापरात होती. याउलट एखाद्या विस्मृतीत गेलेल्या कंपनीचे यंत्र दिसायला कितीही देखणे असले, तरी पाती बोथट झाल्यावर ते निव्वळ लोखंड होते.

तिसरा घटक व्यासाचा. आठ इंची यंत्राला गिऱ्हाईक सर्वाधिक, कारण ते बहुतेक माशांना पुरते. दहा इंची यंत्र मोठ्या पाईक माशांच्या मागे जाणाऱ्यांसाठी आणि झोपडीत कायम मुक्काम ठोकणाऱ्यांसाठी. सहा इंची लहान माशांसाठी.

पेट्रोल जुने, दुखणे जुने

बंद पडलेली बहुतांश ऑगर इंजिनाच्या दोषाने बंद पडलेली नसतात. ती पेट्रोलच्या दोषाने बंद पडतात. मार्चमध्ये टाकीत उरलेले पेट्रोल तसेच ठेवून यंत्र भिंतीला टांगायचे आणि नऊ-दहा महिन्यांनी दोरी ओढायची, ही सार्वत्रिक सवय. तोवर पेट्रोल उडून जाऊन त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या केसाएवढ्या छिद्रांत बसलेला असतो.

त्यात इथेनॉलची भर पडते. अमेरिकेत सर्रास मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. ओल वाढली की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि इंजिनात नेमका तोच तळ आधी जातो. जुन्या यंत्रांतल्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरचे पातळ पडदे इथेनॉलचा विचार करून बनवलेले नव्हते. ते कडक होतात, फुगतात, फाटतात. मिनेसोटाच्या कायद्याने पेट्रोलमध्ये इथेनॉल आवश्यक केले आहे, पण लहान इंजिने, बोटी, बर्फावरच्या गाड्या आणि संग्रही ठेवलेल्या जुन्या मोटारी यांसाठी इथेनॉलविरहित पेट्रोल विकण्याची मुभाही त्याच कायद्यात ठेवली आहे. उसाच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल बनवणाऱ्या महाराष्ट्रात आणि वीस टक्के मिश्रणापर्यंत पोहोचलेल्या भारतात, गॅरेजमध्ये जुनी दुचाकी जपणाऱ्यांनाही ही चिंता ओळखीची वाटेल.

चांगली बातमी अशी, की हे दुखणे स्वस्तात बरे होते. नवा कार्ब्युरेटर अनेक यंत्रांसाठी पंधरा-तीस डॉलरमध्ये मिळतो. स्पार्क प्लग आणि पेट्रोलची नळी किरकोळ खर्चाची. पात्यांची जोडी साधारण तीस ते साठ डॉलरची. पन्नास डॉलरला घेतलेले बंद यंत्र स्वतःच्या हाताने सुरू केले, तर एकूण खर्च सव्वाशे डॉलरच्या आसपास थांबतो. मात्र हेच काम मेकॅनिककडे दिले, तर मजुरीच यंत्राच्या किमतीला गाठते. जुन्या ऑगरचा व्यवहार परवडतो तो ज्याला पाना-पक्कड धरता येते त्याला. इतरांना नाही.

पात्यांबाबत एक इशारा. दांड्याचे सगळे काम पात्याच्या टोकाशी असलेल्या काही मिलिमीटरच्या धारेवर चालते आणि त्या धारेचा कोन नेमका हवा. घरच्या कानशीने घासून धार लावलेली पाती चकचकीत दिसतात, पण बर्फावर नुसती घसरतात. 'इंजिन मस्त आहे, पण भोक पडत नाही,' अशी तक्रार असेल, तर दोष बहुधा इथेच सापडतो. पात्यांचेही दोन प्रकार आहेत. सरळ धारेची पाती ताजा बर्फ झरझर तासतात, पण जुने गोठलेले भोक पुन्हा उघडताना अडकतात. दातेरी पाती थोडी धसमुसळी असतात, पण गोठलेली जुनी भोके व वाळू-माती मिसळलेला बर्फही फोडतात.

मग उपयोग कोणाला?

ज्याला दिवसभर तळ्यावर पायी हिंडत, मासे शोधत तीस-चाळीस भोके पाडायची आहेत, त्याने जुन्या पेट्रोल यंत्राच्या वाटेला जाऊ नये. पाठीचे दुखणे असलेल्या ज्येष्ठांनीही जाऊ नये. तंबूच्या आत भोक पाडणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

पण ज्याची झोपडी एकाच जागी दोन महिने उभी राहते, त्याला हंगामात मोजकीच भोके पाडायची असतात. मिनेसोटात हिवाळ्यात एका माणसाला दोन गळ टाकता येतात, विस्कॉन्सिनमध्ये तीन. चौघांच्या झोपडीला आठ-दहा भोके पुरतात. यंत्र मोटारीने जागेपर्यंत नेता येते, त्यामुळे वजनाचा प्रश्न उरत नाही. एवढ्यासाठी पाचशे डॉलर खर्च करण्यात अर्थ नाही.

दुसरा वर्ग दूरच्या, अतिथंड तळ्यांवर जाणाऱ्यांचा. कडाक्याच्या थंडीत लिथियम बॅटरीची क्षमता घटते. बॅटरी कोटाच्या आत उबेला धरून न्यावी लागते आणि संपली तर बर्फावर चार्जिंगची सोय नसते. पेट्रोलचा डबा मात्र उणे तीसमध्येही पेट्रोलचाच डबा राहतो. तीन फूट बर्फात दहा इंची भोके ओळीने पाडायची असतील, तर जुने इंजिन अजूनही खाली मान घालत नाही. भाल्याने पाईक मारणारे लोक बर्फात मोठा चौकोन कापतात. त्यासाठी आधी कोपऱ्यांत भोके पाडून मग करवत चालवावी लागते. त्यांनाही हे यंत्र सोयीचे पडते.

तिसरा उपयोग सुट्या इंजिनाचा. काही कंपन्यांची ऑगर इंजिने जमिनीत खड्डे घेणाऱ्या दांड्यालाही जोडता येतात आणि कुंपणाचे खांब रोवायला ती वापरली जातात. यात सावधगिरी हवी. दांड्याचा व्यास व खीळ जुळायला हवी, शिवाय बर्फासाठीच्या गिअरचा वेग मातीला अनेकदा जास्त असतो. दांडा दगडाला वा मुळाला अडला, तर मूठ उलटी फिरून मनगट मोडू शकते. बर्फाची पाती मातीत घालणे म्हणजे तर ती कायमची गमावणे.

घेण्यापूर्वी पाहा

इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवायला सांगावे. आपण पोहोचण्याआधीच ते गरम करून ठेवलेले असेल, तर सौदा सावधपणे करावा. गरम टू-स्ट्रोक कोणाच्याही हाताने सुरू होते.

प्लगची टोपी काढून, दांडा वेगळा केलेले इंजिन दोरीच्या मुठीने उचलून धरावे. ते हळूहळू, टप्प्याटप्प्याने खाली आले तर कॉम्प्रेशन ठीक आहे. धपकन खाली आले तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. मापक असेल तर नव्वद पौंडांखालचा आकडा धोक्याचा समजावा.

दांडा सपाट जागी फिरवून वाकडा नाही ना, हे पाहावे. गिअरबॉक्समधून तेल गळते का, मंद गतीवर दांडा थांबतो का, हेही तपासावे. मंद गतीवरही दांडा फिरत राहिला, तर क्लच वा इंजिनाची मंद गती बिघडलेली आहे आणि असे यंत्र निसरड्या बर्फावर हातात धरणे धोक्याचे आहे. पात्यांवरचे झाकण यंत्राबरोबर मागून घ्यावे.

पेट्रोल व ऑइलचे प्रमाण विचारून घ्यावे. जुन्या यंत्रांत ते चोवीसास एक किंवा बत्तिसास एक असते, नंतरच्या काहींत पन्नासास एक. नव्याचे पातळ मिश्रण जुन्यात घातले, तर स्वस्तात मिळालेले इंजिन पहिल्याच हिवाळ्यात जाम होते. हंगाम संपताच टाकी रिकामी करावी आणि कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे. या दहा मिनिटांनी यंत्राचे आयुष्य वर्षांनी वाढते.

आणि सर्वांत महत्त्वाचे बर्फाविषयी. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या सूचनेनुसार पायी चालण्यासाठीही निदान चार इंच नवा, स्वच्छ बर्फ हवा आणि कोणताही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो. ही जाडी कळणार कशी? पहार आपटून आणि ऑगरने भोक पाडूनच. म्हणजे मासे मिळोत न मिळोत, हे यंत्र आधी पायाखालच्या जमिनीची खात्री देते. लहरी झालेल्या हिवाळ्यांत हे काम पूर्वीपेक्षा अधिक मोलाचे झाले आहे.

थोडक्यात, जुने पेट्रोल ऑगर ही गुंतवणूक नव्हे. पुढे भाव वाढेल म्हणून ते कोणी जपून ठेवू नये. वापरायचे नसेल, तर पहिल्या थंडीत मिळेल त्या रास्त किमतीला ते द्यावे आणि सुरू होत नसेल तर तसे स्पष्ट सांगून द्यावे. पण ज्याच्याकडे झोपडी आहे, हाताला दुरुस्तीची सवय आहे आणि टाकी रिकामी करण्याची शिस्त आहे, त्याला इतक्या कमी पैशांत इतके काम देणारी दुसरी वस्तू त्या बर्फावर सापडणे कठीण. आपल्याकडे 'चेतक' हे नाव २०२० मध्ये विजेवरच्या स्कूटरला मिळाले, तरी कुठल्याशा वाड्याच्या दारात एखादी टू-स्ट्रोक चेतक दुसऱ्या किकला सुरू होतेच. मिल लॅक्सच्या काठी दोरीच्या दुसऱ्या हिसड्याला धूर सोडत जागे होणारे गिरमिटही त्याच पिढीतले आहे.